युरिक ॲसिड उतरलं, पोटरी मात्र दुखतेच

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६३ वर्षांचे, राहणार डिचोली. बीपी जुनं, त्यासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोर्थॅलिडोन एकत्र असलेली गोळी. साखर काठावर. सिगारेट चार वर्षांपूर्वी सोडली, त्याआधी बरीच ओढायचे. घरून बाजाराला चालत निघाले की अर्ध्या वाटेत डाव्या पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो. रक्त तपासलं तेव्हा युरिक ॲसिड ८.४ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) १.४ निघालं. मग युरिक ॲसिड उतरवणारं फेबुक्सोस्टॅट ४० मिलिग्रॅम सुरू झालं, मासळी आणि डाळ बंद झाली. तीन महिन्यांनी युरिक ॲसिड ५.९ वर आलं, पोटरी मात्र तिथल्या तिथेच अडते. कुणीतरी सांगितलं की युरिक ॲसिडचे खडे रक्तवाहिन्यांत बसतात आणि त्यानेच पायाचं रक्त तुंबतं. म्हणून तुम्ही विचारताय, गोळी ८० ची करावी का?

नको. ८० ची केली तर आकडा आणखी खाली येईल, पोटरीला फरक पडणार नाही. तुम्ही पाठवलेल्या यादीत रक्ताचे आकडे भरपूर आहेत, पायाचा एकही नाही. घोट्यापाशी रक्ताचा दाब किती आहे हे कुणी मोजलेलंच दिसत नाही. युरिक ॲसिडचा रिपोर्ट हातात आला, त्यात लाल अक्षरात ‘हाय’ छापलेलं होतं, आणि दुखण्याचा तपास तिथेच थांबला. असं फार वेळा होतं. वडिलांना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे निदान सांगू नये, मीही सांगत नाही. पण तुम्ही दुखण्याचं जे वर्णन केलंय ते इतकं नेमकं आहे की पायाच्या धमन्यांचा आजार नाही असं सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून चालावं.

दुखणं काय सांगतं ते आधी पाहू. धमनी अरुंद झाली की बसल्या जागी स्नायूला पुरेसं रक्त मिळतं. चालताना त्याची गरज कितीतरी पटींनी वाढते आणि तेवढं रक्त पोचत नाही. म्हणून साधारण ठरावीक अंतरावर, चढावर जरा लवकर, पोटरी आवळून येते. नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत सुटते, बसावं लागत नाही. हा उभं राहण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कण्यातली जागा अरुंद होऊन नस दबत असेल तरीही चालताना पाय भरून येतात, पण ते दुखणं पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर थांबतं, नुसतं उभं राहून नाही. रात्री झोपेत पोटरीला येणारे वांब हा वेगळा प्रकार, त्यांचा धमन्यांशी सहसा संबंध नसतो. आणि युरिक ॲसिडचं स्वतःचं दुखणं म्हणजे गाऊट. तो सांध्यात येतो, बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, रात्रीतून अचानक. सांधा लाल, गरम, सुजलेला होतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. चाललं की पोटरी आवळणं आणि थांबलं की सुटणं हे गाऊटचं लक्षण नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, युरिक ॲसिड आणि पायाच्या धमन्या यांचा संबंध आहे की नाही. आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांच्या आकडेवारीत युरिक ॲसिड जास्त असलेल्या लोकांमध्ये पायाच्या धमन्यांचा आजारही जास्त आढळला, आणि वय, धूम्रपान, बीपी वगैरेंचा हिशोब वजा केल्यावरही तो संबंध पूर्ण पुसला गेला नाही. त्यामागची यंत्रणाही कल्पनेतली नाही. पेशींमधल्या प्युरीन नावाच्या द्रव्याचं शेवटी युरिक ॲसिड होतं आणि ते काम झँथीन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम करतं. हे काम करताना ते ऑक्सिजनचे उपद्रवी कणही तयार करतं. ते कण धमनीच्या आतल्या अस्तरातला नायट्रिक ऑक्साइड संपवतात, आणि धमनी सैल राहते ती याच नायट्रिक ऑक्साइडमुळे. शिवाय युरिक ॲसिड पेशीत शिरलं की दाह वाढवतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. गंमत अशी की पेशीबाहेर, रक्तात, तेच युरिक ॲसिड अँटिऑक्सिडंट म्हणूनही काम करतं. त्यामुळे त्याला सरसकट विष ठरवणं बरोबर नाही.

पण दोन गोष्टी एकत्र आढळतात म्हणजे एकीमुळे दुसरी होते असं नाही. इथे मूत्रपिंड मध्ये येतं. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडातून बाहेर जातं, उरलेलं आतड्यातून. मूत्रपिंड थोडं मंदावलं की युरिक ॲसिड साचतं. आणि मंदावलेलं मूत्रपिंड हाच धमन्यांच्या आजाराचा मोठा धोका आहे, युरिक ॲसिड असो वा नसो. तुमच्या वडिलांचं क्रिएटिनिन १.४ म्हणजे त्यांच्या वयाला मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग साधारण ५६ च्या आसपास येतो. ६० च्या खालचा हा आकडा तीन महिने टिकला तर त्याला मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणतात. तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट तुमच्याकडे आहेच, क्रिएटिनिन पुन्हा करा आणि सोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही करा. माझ्या मते या घडीला हा रिपोर्ट युरिक ॲसिडपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

त्यात भर बीपीच्या गोळीची. क्लोर्थॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी औषधं युरिक ॲसिड वाढवतात. गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीएच’ असेल तर बहुतेकदा यातलंच काहीतरी आत असतं. म्हणजे एका गोळीने चढवायचं आणि दुसरीने उतरवायचं असा प्रकार घरोघरी चाललेला असतो. कमी मात्रेतली ॲस्पिरिनही युरिक ॲसिड थोडं वाढवते, पण ती हृदयासाठी किंवा धमन्यांसाठी दिलेली असेल तर एवढ्यासाठी बंद करायची नसते. आणखी एक उलटी वाट आहे. स्नायूला ऑक्सिजन कमी पडला की त्याच्यातलं इंधन मोडून प्युरीन तयार होतात आणि त्यांचं युरिक ॲसिड बनतं. म्हणजे रक्त कमी पडलेला पायही त्या आकड्यात आपली भर घालू शकतो.

मग औषधाने युरिक ॲसिड उतरवलं तर धमन्या वाचतात का? हे प्रत्यक्ष तपासून झालंय. ब्रिटनमधल्या ऑल-हार्ट चाचणीत हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्या पण गाऊट नसलेल्या, ६० वर्षांवरच्या ५,७०० हून जास्त रुग्णांपैकी निम्म्यांना ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड उतरवणारं औषध दिलं, रोज ६०० मिलिग्रॅमपर्यंत, सरासरी पावणेपाच वर्षं. २०२२ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. युरिक ॲसिड जन्मतःच जास्त ठेवणाऱ्या जनुकांवरून केलेल्या अभ्यासांतही हृदयाच्या धमन्यांसाठी ते मूळ कारण असल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. हे सगळं हृदयाबद्दलचं, पण पायाच्या धमनीत होणारी प्रक्रिया तीच. म्हणून युरिक ॲसिडचा वाढलेला आकडा हा मूत्रपिंड, बीपी, वजन आणि साखर पुन्हा नीट तपासा असं सांगणारा इशारा समजावा. धमनी बुजवणारा गुन्हेगार म्हणून त्याच्याकडे बोट दाखवू नये. खड्यांबद्दल म्हणाल, तर गाऊटच्या काही रुग्णांत विशेष सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतीत युरेटसारखे (युरिक ॲसिडच्या क्षारासारखे) ठिपके दिसल्याचे अहवाल आहेत, पण ते खरे स्फटिक की यंत्राने दाखवलेला भास यावर अजून वाद आहे. धमनी तुंबते ती कोलेस्टेरॉल, दाहाच्या पेशी, कॅल्शियम आणि वर जमणाऱ्या गुठळीने.

आता घोट्याचा दाब. ही तपासणी स्वस्त आहे, सुई नाही, आणि वीस मिनिटांत होते. तरी ती सांगितली जात नाही याचं मला नवल वाटतं. रुग्णाला किमान पाच ते दहा मिनिटं सपाट झोपवायचं, पाय उघडे पण गार पडू द्यायचे नाहीत. दोन्ही दंडांवर बीपीचा पट्टा बांधून हातातल्या छोट्या डॉप्लर पेनने (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) वरचा दाब घ्यायचा. मग पट्टा घोट्याच्या जरा वर बांधायचा, जेल लावायचं आणि डॉप्लर आतल्या घोट्याच्या मागे, मग पावलाच्या वरच्या बाजूला, असा दोन्ही जागी तिरका धरायचा. आवाज सापडला की पट्टा फुगवायचा, आवाज बंद झाल्यावर आणखी २० मिमी वर न्यायचा आणि हळूहळू हवा सोडायची. आवाज ज्या आकड्याला परत येतो तो त्या धमनीचा दाब. प्रत्येक पायातल्या दोन आकड्यांपैकी मोठा घ्यायचा आणि दोन्ही हातांतल्या मोठ्या आकड्याने भागायचा.

समजा उजवा हात १४८, डावा हात १४४. डाव्या पायात घोट्यामागे ९६ आणि पावलावर ८८. तर डाव्या पायाचं गुणोत्तर ९६ भागिले १४८, म्हणजे ०.६५. उजव्या पायात १३२ आणि १२८ आले तर १३२ भागिले १४८, म्हणजे ०.८९. ०.९० किंवा त्याखाली आलं की पायाच्या धमन्यांचा आजार आहे. ०.९१ ते ०.९९ काठावर, १.०० ते १.४० ठीक. या उदाहरणात न दुखणारा उजवा पायही काठाच्या खाली गेलाय, आणि प्रत्यक्षातही असं वरचेवर दिसतं.

यात चुका कुठे होतात? घाईघाईत रुग्ण बसलेला असतानाच दाब घेतला तर घोट्याचा आकडा खोटा वाढतो, कारण रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मिळतं. डॉप्लरऐवजी घरचं डिजिटल मशीन घोट्याला बांधलं तर ज्या पायात प्रवाह खरंच कमी आहे तिथेच ते चुकतं. एकाच हाताचा दाब घेतला आणि नेमकी त्या हाताची धमनी अरुंद असली तर पायाचं गुणोत्तर चांगलं भासतं. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कडक होते, पट्ट्याने दबतच नाही, आणि गुणोत्तर १.४० च्या वर जातं. ते वाचून कुणी ‘उत्तम आहे’ म्हणालं तर मानू नका. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधून दाब घेतात, त्याचं गुणोत्तर ०.७० किंवा खाली असेल तर आजार आहे. आणि विश्रांतीतलं गुणोत्तर ठीक येऊनही चालताना दुखतच असेल तर ट्रेडमिलवर चालवून, नाहीतर पन्नासेक वेळा टाचा उचलायला लावून, लगेच पुन्हा मोजायचं. २० टक्क्यांहून जास्त घसरलं तर दुखणं धमनीचंच.

डिचोलीहून तुम्हाला म्हापशाचं जिल्हा रुग्णालय जवळ पडेल, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) सर्जरीची ओपीडी. जाताना ‘पायाचं डॉप्लर करायचंय’ एवढंच सांगू नका. तसं सांगितलं की बऱ्याचदा शिरांचं डॉप्लर होतं, गुठळी नाही असा रिपोर्ट मिळतो आणि तुम्ही समाधानाने परत येता. ‘चालताना पोटरी दुखते, धमन्यांचं डॉप्लर आणि घोट्याचं गुणोत्तर हवंय’ असं स्पष्ट सांगा. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे डाय टोचून काढलेला धमन्यांचा स्कॅन, पहिल्या फेरीत मागू नका. तिच्यातलं डाय मूत्रपिंडावर ताण आणू शकतं आणि तुमच्याकडे क्रिएटिनिन १.४ आहे. स्टेंट किंवा बायपासचा विचार खरोखर करायचा असेल तेव्हाच तिचा उपयोग. तशी वेळ आलीच तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड सोबत ठेवा आणि ती प्रक्रिया योजनेत बसते का हे रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर आधीच विचारून घ्या.

गुणोत्तर कमी आलं असं धरून पुढचं लिहितो. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाला पाय गमावण्यापेक्षा हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका मोठा असतो, त्यामुळे उपचार सगळ्या शरीराचा असतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, लागतं, आणि नावापुरतं नाही: ॲटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोझुव्हास्टॅटिन २० च्या पट्ट्यातलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली आणि जमल्यास ५५ च्या खाली नेणारं. मूत्रपिंड पाहून मात्रा ठरते. रक्त पातळ ठेवायला क्लोपिडोग्रेल ७५ किंवा ॲस्पिरिन ७५, दोन्हींपैकी एक. काही निवडक रुग्णांत ॲस्पिरिनसोबत रिव्हारोक्साबॅन २.५ दिवसातून दोनदा देतात, पण त्यात रक्तस्रावाचा धोका वाढतो, ते तज्ज्ञाने ठरवायचं. बीपी १३०/८० च्या खाली. सिगारेट सोडली हे त्यांनी स्वतःसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम आहे. या आजारात तंबाखूपुढे युरिक ॲसिडची काहीच गणती नाही.

चालण्याचं अंतर वाढवायला सिलोस्टॅझॉल १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. ते जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तास नंतर घ्यायचं, कारण जेवणासोबत घेतलं तर रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोकेदुखी, धडधड जास्त होते. हृदय कमजोर असेल, म्हणजे हार्ट फेल्युअर असेल, तर ते अजिबात चालत नाही. म्हणून आधी ईसीजी आणि शक्यतो इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू असेल तर मात्रा निम्मी लागते. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर बंद करायचं. याच दुखण्यासाठी पेंटॉक्सिफायलिन अजूनही सर्रास लिहिलं जातं, त्याचा चालण्यावर म्हणावा असा परिणाम दिसलेला नाही.

सगळ्यात गुणकारी औषध चालणंच आहे, पण ते ठरवून चालायला हवं. ‘जमेल तेवढं फिरा’ या सल्ल्याने काही होत नाही. सपाट रस्ता निवडा. वेग असा ठेवा की तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखू लागेल. दुखायला लागल्याबरोबर थांबायचं नाही, दुखणं मध्यमपेक्षा जरा जास्त होईपर्यंत चालायचं. मग उभं राहून किंवा कठड्यावर बसून ते पूर्ण जाऊ द्यायचं आणि पुन्हा चालायचं. थांबण्यासकट सुरुवातीला तीस मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत पंचेचाळीस ते साठपर्यंत. आठवड्यातून किमान तीन दिवस, किमान बारा आठवडे. या दुखण्याने स्नायूला इजा होत नाही. उलट त्या ताणामुळेच स्नायू मिळेल तेवढ्या ऑक्सिजनमध्ये काम करायला शिकतो आणि आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांना चालना मिळते. बरेच जण दुखलं की घाबरून अंतर कमी करतात आणि सहा महिन्यांत घराच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबतात. प्रगती मोजायला रस्त्यावरचे विजेचे खांब मोजा, आज कितव्या खांबाला दुखायला लागलं ते वहीत लिहा. चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान फरक कळायला लागतो. चालताना छातीत दडपण आलं तर मात्र तिथेच थांबून आधी हृदय तपासायचं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे रोज बाहेर चालणं अशक्य होतं, हे खरंय. घराचा लांब व्हरांडा, एखादा हॉल, काहीही चालेल, पण अनवाणी नको. आणि पावसात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊ देऊ नका. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला तेवढी चीरही पुरते, जखम भरत नाही. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा, खोबरेल टाचेला लावा, बेचक्यांत नको. एप्रिल-मेमध्ये देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालायची असेल तर जाड सुती मोजे घालू द्या, देव रागावत नाही. शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही.

आता युरिक ॲसिडचं काय करायचं ते. सगळं एका प्रश्नावर अवलंबून आहे: वडिलांना आजवर एकदा तरी गाऊटचा खरा झटका आलाय का, किंवा युरिक ॲसिडचा मुतखडा झालाय का? नसेल, तर ८.४ हा आकडा एकटा औषध सुरू करायला पुरेसा नव्हता. २०२० च्या अमेरिकन संधिवात संघटनेच्या मार्गदर्शनातही लक्षणं नसताना औषध देऊ नये असाच कल आहे. मग आधी बीपीची गोळी बदलता येते का ते बघायचं. क्लोर्थॅलिडोन काढून ॲम्लोडिपिन घालता येईल, किंवा टेल्मिसार्टनच्या जागी लोसार्टन, जे युरिक ॲसिड थोडं बाहेर टाकतं. हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, कारण बीपी नीट राहणं जास्त महत्त्वाचं. गोळी बदलल्यावर चार ते सहा आठवड्यांनी युरिक ॲसिड पुन्हा मोजा. फेबुक्सोस्टॅट हवं की नको याचं उत्तर त्यातून मिळेल.

झटके येऊन गेले असतील तर गोष्ट वेगळी. मग औषध हवंच आणि लक्ष्य ६ च्या खाली. शरीराच्या तापमानाला साधारण ६.८ च्या वर युरेट रक्तात विरघळून राहत नाही, म्हणून ६. पण धमन्यांचा आजार असेल तर माझी पहिली पसंती ॲलोप्युरिनॉलला. २०१८ च्या केअर्स चाचणीत हृदयरोग असलेल्या गाऊटच्या रुग्णांत फेबुक्सोस्टॅटवर हृदयविकाराचे मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त दिसले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. २०२० च्या फास्ट चाचणीत तसा फरक दिसला नाही, त्यामुळे चालू गोळी आज रात्रीच फेकून देण्याइतकी घाई नाही. फक्त पुढच्या भेटीत हा विषय काढा. ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर काही आठवड्यांनी १०० ने वाढवतात. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

गाऊटचा झटका आलाच तर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा एटोरिकॉक्सिब या वेदनाशामक गोळ्या आणू नका. पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांना युरोपच्या औषध नियामकाने ही दोन्ही वर्ज्य ठरवली आहेत, आणि मूत्रपिंडालाही ती बाधतात. कोल्चिसिन मूत्रपिंड पाहून बेतशीर किंवा चार-पाच दिवस प्रेड्निसोलोन हे पर्याय आहेत. स्टॅटिनसोबत कोल्चिसिन चालू असताना स्नायू दुखू लागले, अशक्त वाटले तर लगेच कळवा.

एक धोक्याची गोष्ट स्वतंत्र सांगतो, कारण युरिक ॲसिडच्या रिपोर्टमुळे ती नेमकी चुकते. पायाचा अंगठा लाल झालाय, रात्री दुखतोय, युरिक ॲसिड जास्त आहे, म्हणजे गाऊट, असं धरून औषध दिलं जातं. पण रक्तपुरवठा फार कमी झालेला पायही लटकता ठेवल्यावर लालसर-जांभळा दिसतो आणि रात्री झोपल्यावर दुखतो. फरक घरच्या घरी बघता येतो. गाऊटचा सांधा गरम असतो, रक्त कमी पडलेलं पाऊल हाताला गार लागतं. पाय उशीवर उंच करून मिनिटभर धरा: पांढरा पडला, आणि पलंगाखाली सोडल्यावर हळूहळू लाल झाला, तर तो गाऊट नाही. असा माणूस रात्री पाय पलंगाखाली सोडून बसतो, कारण त्याने बरं वाटतं. ही अवस्था, किंवा पायावर दोन आठवड्यांत न भरलेली जखम, म्हणजे पाय धोक्यात आहे. तिथे बारा आठवडे चालून बघायचं नसतं, त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे जायचं.

जेवणाचं थोडक्यात. डाळ सुरू करा. डाळी, पालक यांच्या प्युरीनने गाऊट वाढत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून स्पष्ट झालंय, तरी पथ्याच्या छापील कागदावर ते अजून छापलं जातंच. दूध-दही चांगलं. मासळी पूर्ण सोडायची गरज नाही. तारले, बांगडे, मांदेली, तिसऱ्या, शिनाणे आणि सुकट यांत प्युरीन जास्त, गाऊट असेल तर हे कधीमधी आणि थोडं. बाकीची मासळी घरात चालते ती आठवड्यातून दोनदा, एकेक तुकडा, हुमणात (मासळीच्या आमटीत), तळलेली कमी. मटणाच्या कलेजी-वजडीपेक्षा मासळी केव्हाही बरी. बियर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात अल्कोहोलसोबत प्युरीनही असतं. फेणी-उर्राक त्या मानाने कमी वाईट, पण औषध नव्हे, आणि उर्राक गोड लिंबू-सोड्याबरोबर प्यालं तर त्या साखरेनेही युरिक ॲसिड चढतं. एवढं सगळं काटेकोर पाळूनही पथ्याने आकडा साधारण एक अंकाने उतरतो, फार नाही. म्हणून माणसाचं ताट रिकामं करून त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका.

शेवटचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पाय अचानक दुखून पांढरा किंवा निळसर पडला, गार झाला, मुंग्या येऊन बोटं हलेनाशी झाली, तर धमनी पूर्ण बंद झाल्याची शक्यता असते आणि साधारण सहा तासांत रक्त परत सुरू झालं नाही तर पाय वाचवणं अवघड होतं. तेल चोळू नका, शेकू नका, पाय उंच करू नका, सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, पाय थोडा खाली राहील असं झोपवा, खायला काही देऊ नका, आणि फोनवरच सांगा की पायाचा रक्तपुरवठा अचानक बंद झाल्यासारखा वाटतोय. चालू औषधांची चिठ्ठी आणि क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट सोबत घ्या, तिथे पोचल्यावर तेच आधी विचारतील.